लॉर्ड कॉकफील्ड आणि युरोपची एकसंध बाजारपेठ

ब्रिटनच्या युरोपविषयक धोरणाचा इतिहास सांगताना बहुधा तीन नावे पुढे येतात. १९७३ साली आपल्या देशाला युरोपीय समुदायात नेणारे एडवर्ड हीथ, १९७७ ते १९८१ या काळात युरोपीय आयोगाचे अध्यक्षपद भूषविणारे रॉय जेन्किन्स आणि या समुदायाशी अकरा वर्षे कधी सहकार्याने तर कधी संघर्षाने वागलेल्या मार्गारेट थॅचर. आर्थर कॉकफील्ड हे नाव या मालिकेत क्वचितच घेतले जाते. ते कधीही निवडणुकीस उभे राहिले नाहीत. प्रभावी वक्ते म्हणून त्यांची ख्याती नव्हती आणि पक्षात त्यांचा असा गट नव्हता. ब्रुसेल्स येथील आयोगात त्यांनी अवघी चार वर्षे काम केले. तथापि युरोपच्या अंतर्गत सीमांवरील मालाची तपासणी १९९३ च्या आरंभी ज्या कार्यक्रमानुसार बंद झाली, त्या कार्यक्रमाचे कर्तृत्व प्राधान्याने या एका गृहस्थाकडे जाते. आणि ज्या पंतप्रधानांनी त्यांना तेथे पाठविले, त्यांनीच चार वर्षांनंतर त्यांना परत बोलाविले. या दोन घटनांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कॉकफील्ड ‘फितले’ असे त्या वेळी लंडनमध्ये म्हटले गेले. वस्तुस्थिती निराळी होती, असे आम्हांस वाटते. ते बदलले नाहीत हीच खरी अडचण होती.

कॉकफील्ड यांचा जन्म १९१६ च्या सप्टेंबरमध्ये ससेक्स परगण्यातील हॉर्शम या गावी झाला. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात, मुलाच्या जन्मापूर्वीच, सोमच्या लढाईत मारले गेले होते. डोव्हर येथील ग्रामर शाळेत शिक्षण झाल्यानंतर त्यांनी ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये कायदा आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांच्या पदव्या मिळविल्या आणि १९३८ साली ते ब्रिटनच्या प्राप्तिकर खात्यात दाखल झाले. १९४२ साली ते बॅरिस्टर झाले. करखात्यात सांख्यिकी विभागाचे संचालक आणि नंतर वयाच्या पस्तिशीत खात्याचे आयुक्त अशी त्यांची बढती होत गेली. तेथून ते खाजगी उद्योगात गेले व औषधे बनविणाऱ्या आणि विकणाऱ्या ‘बूट्स’ या प्रसिद्ध कंपनीचे प्रथम अर्थसंचालक आणि १९६१ ते १९६७ या काळात प्रमुख झाले. हीथ यांच्या कारकिर्दीत ते अर्थमंत्र्यांचे करविषयक सल्लागार होते, आणि १९७३ ते १९७७ या चार वर्षांत, महागाईने ब्रिटनला ग्रासले असताना, किंमत आयोगाचे अध्यक्ष होते. १९७८ साली त्यांना तहहयात उमरावपद मिळाले. थॅचर मंत्रिमंडळात ते अर्थखात्यात राज्यमंत्री, १९८२ साली व्यापारमंत्री व १९८३ साली डची ऑफ लँकेस्टरचे चॅन्सलर, म्हणजे प्रत्यक्षात बिनखात्याचे मंत्री, झाले.

या जीवनक्रमातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. कायदा, आकडेवारी आणि कर या तीन विषयांत त्यांच्या बुद्धीला वळण लागले होते. करखात्यातील अधिकारी कायद्याचा मजकूर वाचतो तो त्यामागची राजकीय सोय शोधण्यासाठी नव्हे. कलमात जे लिहिले आहे ते लागू होते की नाही, एवढेच तो पाहतो. मजकुराला शब्दशः बांधील राहण्याची ही सवय त्यांनी ब्रुसेल्सला बरोबर नेली.

त्या वेळची युरोपची स्थिती कशी होती? १९५७ च्या रोम करारान्वये स्थापन झालेल्या आर्थिक समुदायाने आपसांतील आयातशुल्क १ जुलै १९६८ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या आधीच, रद्द केले होते. यावरून सामायिक बाजारपेठ अस्तित्वात आली असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु शुल्क गेले तरी सीमेवरील नाका गेला नव्हता. मालमोटारीच्या चालकाला प्रत्येक सीमेवर कागदपत्रांचे बाड दाखवावे लागे. १९८४ च्या फेब्रुवारीत फ्रान्स व इटली यांच्या सीमेवर सीमाशुल्क कर्मचाऱ्यांनी काम रेंगाळविले, तेव्हा संतप्त चालकांनी आपल्या गाड्या आडव्या घालून आल्प्समधील रस्तेच बंद केले. शुल्कमुक्त व्यापार म्हणजे मुक्त व्यापार नव्हे, ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांच्या ग्रंथांपेक्षा या चालकांनी अधिक स्पष्ट केली.

नाक्यापलीकडे आणखी एक भिंत होती, आणि ती डोळ्यांना दिसत नसे. प्रत्येक देशाचे माल कसा असावा याविषयीचे नियम वेगवेगळे होते. जर्मनीत फळांच्या मद्यार्कात किमान २५ टक्के अल्कोहोल असले पाहिजे असा नियम होता. फ्रान्समधील ‘कासी द दिजों’ या मद्यात ते १५ ते २० टक्केच असे, म्हणून जर्मनीत त्याच्या विक्रीस मनाई झाली. हा वाद युरोपीय न्यायालयापुढे गेला आणि २० फेब्रुवारी १९७९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, एका सदस्यदेशात कायदेशीररीत्या तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने, आरोग्यरक्षण किंवा ग्राहकहित यांसारखे सबळ कारण असल्याखेरीज, अडवू नये. या तत्त्वाला परस्परमान्यता असे म्हणतात. तोपर्यंत समुदायाचा मार्ग एकरूपीकरणाचा होता. प्रत्येक वस्तूसाठी सर्व देशांनी मिळून एकच सविस्तर नियम करावयाचा आणि तोही एकमताने. या मार्गाची गती किती मंद होती हे वास्तुविशारदांच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या निर्देशावरून दिसते. तो संमत होण्यास सुमारे सतरा वर्षे लागली.

एकमताची ही अट कशी आली, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. रोम करारात काही विषयांवर बहुमताने निर्णय घेण्याची तरतूद होती. परंतु १९६५ साली फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी आपल्या प्रतिनिधींना मंत्रिपरिषदेच्या बैठकींतून काढून घेतले आणि १९६६ च्या जानेवारीत लक्झेम्बर्ग येथे जी तडजोड झाली तिच्यामुळे, एखाद्या देशाने आपले अत्यंत महत्त्वाचे हित गुंतलेले आहे असे म्हटले की मतदान टाळण्याची प्रथा पडली. बहुमत कागदावर राहिले आणि व्यवहारात नकाराधिकार रूढ झाला.

१९८४ च्या जूनमध्ये फॉन्तेनब्लो येथील शिखर परिषदेत ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय वर्गणीचा जुना तंटा मिटला. त्याच परिषदेत ब्रिटिश सरकारने युरोपच्या भवितव्याविषयी एक टिपण सादर केले आणि अंतर्गत बाजारपेठ पूर्ण करणे हे समुदायाचे प्रमुख कार्य असावे, असे सुचविले. श्रीमती थॅचर यांची दृष्टी स्पष्ट होती. युरोप म्हणजे व्यापार. तेथील अडथळे दूर झाले की ब्रिटिश विमा कंपन्या, बँका आणि कारखानदार यांना लाभ होईल. या कामासाठी आपला विश्वासू, करशास्त्रात निष्णात आणि कोणत्याही भावनात्मक युरोपवादापासून अलिप्त असा माणूस ब्रुसेल्सला असावा या हेतूने त्यांनी कॉकफील्ड यांची निवड केली. १९८५ च्या जानेवारीत जाक दलोर यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग कामास लागला आणि कॉकफील्ड त्याचे एक उपाध्यक्ष झाले. अंतर्गत बाजारपेठ, करविषयक कायदे व सीमाशुल्क संघ ही खाती त्यांच्याकडे आली. दलोर हे फ्रेंच समाजवादी, कॉकफील्ड हे इंग्लिश हुजूर पक्षीय. पण दोघांचे चांगले जुळले. दलोर यांनी ध्येय व तारीख पुढे ठेवली. त्या तारखेपर्यंत काय काय करावयाचे हे कॉकफील्ड यांनी लिहून काढले.

मार्च १९८५ मध्ये ब्रुसेल्स येथील शिखर परिषदेने १९९२ पर्यंत एकसंध बाजारपेठ साधण्यासाठी निश्चित वेळापत्रकासह कार्यक्रम आखावा असे आयोगास सांगितले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १४ जून १९८५ ही तारीख असलेली श्वेतपत्रिका तयार झाली. त्याच दिवशी लक्झेम्बर्गमधील शेंगेन या गावी पाच देशांनी आपसांतील प्रवाशांची तपासणी बंद करण्याचा वेगळा करार केला, हा एक योगायोग. श्वेतपत्रिकेच्या परिशिष्टात सुमारे ३०० उपायांची यादी होती आणि प्रत्येकासमोर आयोगाने प्रस्ताव केव्हा मांडावयाचा व मंत्रिपरिषदेने तो केव्हा संमत करावयाचा यांची वर्षे दिलेली होती. काही उपाय पुढे गळाले, काही एकत्र झाले आणि संख्या २८२ वर स्थिरावली.

अडथळ्यांचे वर्गीकरण तीन प्रकारांत केलेले होते : सीमेवरील प्रत्यक्ष तपासणीचे भौतिक अडथळे, मालाच्या व सेवांच्या नियमांतील भिन्नतेचे तांत्रिक अडथळे आणि करांतील भिन्नतेचे राजकोषीय अडथळे. वरवर पाहता हे वर्गीकरण एखाद्या कार्यालयीन टिपणासारखे नीरस दिसते. पण या यादीत दोन गोष्टी जाणूनबुजून केलेल्या होत्या. पहिली म्हणजे, तीत अग्रक्रम नव्हते. कोणते उपाय महत्त्वाचे आणि कोणते गौण हे सांगितले की प्रत्येक सरकार आपल्या गैरसोयीचा उपाय गौण ठरवून मागे ढकलणार, हे त्यांनी ओळखले होते. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी होती. सीमेवरील तपासणी सुलभ करावी असे ते म्हणत नव्हते, ती संपूर्ण बंद करावी असे म्हणत होते. तपासणीची दहा कारणे असतील आणि त्यांपैकी नऊ नाहीशी केली, तरी दहाव्या कारणासाठी नाका राहतोच आणि नाका राहिला की गाडी थांबतेच. म्हणून शेवटचे कारणही काढून टाकले पाहिजे.

या तर्कातूनच कराचा प्रश्न पुढे आला, आणि कॉकफील्ड यांच्या कारकिर्दीचे मर्म त्यातच असल्यामुळे तो जरा सविस्तर पाहणे इष्ट होईल. मूल्यवर्धित कर हा समुदायातील सर्व देशांत उपभोगाच्या ठिकाणी लागावा अशी व्यवस्था होती. फ्रान्समधील कारखानदार आपला माल बेल्जियमला पाठवी तेव्हा त्यावरील फ्रेंच कर सीमेपाशी पूर्णपणे उतरविला जाई, आणि माल बेल्जियममध्ये शिरताना त्यावर बेल्जियमचा कर चढविला जाई. म्हणजे सीमानाका ही केवळ पोलिसी व्यवस्था नव्हती. ती करव्यवस्थेचा एक अवयव होती. माल खरोखरच देशाबाहेर गेला याचा पुरावा तेथे मिळे आणि त्या पुराव्यावरच कराची सूट अवलंबून असे. हा नाका काढून टाकला तर दोन प्रश्न उद्भवतात. माल बाहेर गेला हे कशावरून समजावयाचे? आणि शेजारच्या देशात कर पुष्कळ कमी असेल तर ग्राहक तेथे जाऊन खरेदी करणार नाहीत काय? अमेरिकेतील शेजारशेजारच्या राज्यांच्या विक्रीकरांत सुमारे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक मोठी उलथापालथ न होता टिकू शकतो, या अनुभवाचा कॉकफील्ड यांनी आधार घेतला. त्यानुसार १९८७ साली त्यांनी प्रस्ताव मांडला की, प्रमाणित दर १४ ते २० टक्के आणि सवलतीचा दर ४ ते ९ टक्के या मर्यादांत सर्व देशांनी आपले दर ठेवावेत, आणि देशादेशांतील कराची देवाणघेवाण एका मध्यवर्ती हिशेबगृहामार्फत व्हावी.

येथे ब्रिटनचे दुखणे सुरू झाले. ब्रिटनमध्ये अन्नपदार्थ, मुलांचे कपडे व पुस्तके यांच्यावर शून्य दराने कर होता, म्हणजे कर नव्हताच. प्रस्ताव जसाच्या तसा मान्य झाला असता तर ब्रिटिश गृहिणीला भाकरीवर किमान चार टक्के कर द्यावा लागला असता, आणि तोही ब्रुसेल्सच्या आदेशाने. कोणत्याही ब्रिटिश सरकारला हे राजकीयदृष्ट्या पेलणारे नव्हते. कर ठरविण्याचा अधिकार लोकसभेचा, हे तत्त्व त्या देशाच्या इतिहासात राजाशी झालेल्या लढ्यातून आलेले आहे. श्रीमती थॅचर यांच्या विरोधाला केवळ मतपेटीचे कारण होते असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

परंतु दुसरी बाजूही तितकीच बळकट होती. जून १९८५ मध्ये मिलान येथील शिखर परिषदेने श्वेतपत्रिकेचे स्वागत केले. तेवढ्या ३०० उपायांना एकमताने संमती मिळणे अशक्य आहे, हे प्रत्येकास दिसत होते. ब्रिटनला वाटत होते की कराराला हात न लावता, नकाराधिकार न वापरण्याचा सभ्य समझोता करून काम भागेल. इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांनी अध्यक्ष या नात्याने अनपेक्षितपणे मतदान घेतले आणि ब्रिटन, डेन्मार्क व ग्रीस यांचा विरोध असताना करारदुरुस्तीसाठी परिषद बोलाविण्याचा निर्णय झाला. तिच्यातून ‘एकेरी युरोपीय कायदा’ या नावाचा करार निघाला. १९८६ च्या फेब्रुवारीत त्यावर सह्या झाल्या आणि १ जुलै १९८७ रोजी तो अमलात आला. नव्या कलम ८अ मध्ये अंतर्गत बाजारपेठेची व्याख्या ‘अंतर्गत सीमा नसलेला प्रदेश’ अशी करण्यात आली व ३१ डिसेंबर १९९२ ही तारीख घातली गेली. कलम १००अ अन्वये बाजारपेठविषयक बहुतेक निर्णय विशेष बहुमताने, म्हणजे त्या वेळच्या एकूण ७६ मतांपैकी ५४ मतांनी, घेता येऊ लागले. ब्रिटनची मते दहा होती. एकट्या ब्रिटनला, किंबहुना कोणत्याही दोन मोठ्या देशांनाही, निर्णय रोखणे आता शक्य राहिले नाही.

कर, व्यक्तींचा मुक्त संचार आणि कामगारांचे हक्क हे विषय बहुमतातून वगळले गेले, हे खरे. म्हणजे शून्य दरावर ब्रिटनचा नकाराधिकार कायम होता. परंतु दुरुस्त केलेल्या कलम ९९ मध्ये, बाजारपेठेच्या स्थापनेसाठी जेवढे आवश्यक असेल तेवढे अप्रत्यक्ष करांचे एकरूपीकरण मंत्रिपरिषदेने ठरलेल्या तारखेपर्यंत, एकमताने, करावे असे म्हटले होते. या मजकुरावर ब्रिटनची सही होती. कॉकफील्ड यांची भूमिका एवढीच होती की, सीमा नसलेला प्रदेश निर्माण करण्याचे तुम्ही मान्य केले आहे, त्यासाठी करांत सुसंगती आणण्याचे मान्य केले आहे, आणि आता त्यातून जे निष्पन्न होते ते मी तुमच्यापुढे ठेवीत आहे. जुन्या करअधिकाऱ्याने करदात्यास त्याचीच सही दाखवावी, तसा हा प्रकार होता.

इतर क्षेत्रांत कामाने वेग घेतला. मालाच्या नियमांबाबत श्वेतपत्रिकेने परस्परमान्यतेचे तत्त्व स्वीकारले, आणि मे १९८५ मध्ये मंत्रिपरिषदेने मान्य केलेल्या नव्या पद्धतीनुसार निर्देशात केवळ सुरक्षिततेच्या मूलभूत अटी घालावयाच्या व तपशील मानकसंस्थांवर सोपवावयाचा असे ठरले. यंत्राच्या प्रत्येक खिळ्यासाठी मंत्र्यांनी वाद घालण्याचे दिवस संपले. १ जानेवारी १९८८ पासून सीमेवरील सुमारे सत्तर निरनिराळ्या नमुन्यांऐवजी एकच प्रशासकीय दस्तऐवज लागू झाला. कॉकफील्ड यांच्या प्रेरणेने पाओलो चेक्किनी यांच्या नेतृत्वाखाली या बाजारपेठेच्या लाभांचा मोठा अभ्यास झाला. एकूण उत्पन्नात ४.३ ते ६.४ टक्के वाढ होईल असा अंदाज १९८८ साली प्रसिद्ध झाला. हे आकडे आशावादी होते असे पुढील अनुभवावरून म्हणावे लागते. पण कारखानदारांनी त्यावर विश्वास ठेवून आधीच आपली गुंतवणूक त्या दिशेने वळविली, आणि अंदाजाचे मुख्य कार्य कदाचित तेच होते.

१९८८ या वर्षातील घटनाक्रम मोठा बोलका आहे. एप्रिलमध्ये श्रीमती थॅचर यांनी लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये ब्रिटिश उद्योजकांपुढे एकसंध बाजारपेठेचे मोठे स्वागत केले. जुलैमध्ये त्या बाजारपेठेच्या शिल्पकाराची मुदत वाढविली जाणार नाही व त्यांच्या जागी लिऑन ब्रिटन जातील, असे जाहीर झाले. २० सप्टेंबर रोजी बेल्जियममधील ब्रूज येथे त्यांनी जे प्रसिद्ध भाषण केले त्यात, अमली पदार्थ, दहशतवाद आणि बेकायदा स्थलांतर यांना आळा घालण्यासाठी सीमेवरील तपासणी पूर्णपणे काढून टाकता येणार नाही, असे प्रतिपादन होते. कलम ८अ मधील ‘अंतर्गत सीमा नसलेला प्रदेश’ या शब्दांचा अर्थ काय, हा वाद असा उघड झाला. पंतप्रधानांच्या मते तो व्यापारातील अडचणी दूर झालेला प्रदेश होता. त्यांच्या आयुक्ताच्या मते तो अक्षरशः सीमा नसलेला प्रदेश होता.

‘फितला’ हा आरोप येथे तपासून पाहू. आयोगाचा प्रत्येक सदस्य पद स्वीकारताना कोणत्याही सरकारकडून सूचना मागणार नाही व घेणार नाही अशी गंभीर प्रतिज्ञा करतो, आणि सदस्यदेशांनीही त्याच्यावर दडपण आणू नये असे करार सांगतो. व्यवहारात बहुतेक आयुक्त आपापल्या राजधानीशी कानगोष्टी करीत असतात, हे उघड गुपित आहे. कॉकफील्ड यांनी प्रतिज्ञेचा मजकूर इतर मजकुरांसारखाच शब्दशः घेतला. श्रीमती थॅचर यांनी आपल्या आठवणींत त्यांच्या बुद्धिमत्तेची आणि प्रश्न सोडविण्याच्या हातोटीची दखल घेतली आहे, पण राजकारणाच्या मोठ्या प्रश्नांकडे त्यांनी दुर्लक्ष केले असाही ठपका ठेवला आहे. आमच्या मते हा ठपका अर्धा खरा आहे. बाजारपेठेचा प्रश्न तांत्रिक आणि सार्वभौमत्वाचा प्रश्न राजकीय असा भेद करता येतो, ही समजूत पंतप्रधानांची होती. तो भेद टिकत नाही हे आयुक्तांनी दाखवून दिले. मोठ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष कोणी केले असेल तर ते बहुमताच्या कलमावर सही करताना त्याचे परिणाम न पाहणाऱ्यांनी.

पण उरलेला अर्धा भाग कॉकफील्ड यांच्याही पदरात टाकला पाहिजे. आयुष्यभर त्यांना मतदारापुढे उभे राहावे लागले नव्हते. करखाते, कंपनीचे संचालकमंडळ, किंमत आयोग, उमरावांची सभा आणि अखेर युरोपीय आयोग, या प्रत्येक ठिकाणी युक्तिवाद बिनतोड असला की काम होते. भाकरीवरील चार टक्के करामागचा युक्तिवाद बिनतोड होता. त्यावर ज्या घरात भाकरी भाजली जाते तेथे काय म्हटले जाईल, हा प्रश्न त्यांच्या ३०० उपायांत कोठेच नव्हता. युरोपीय समुदायाची रचनाच अशी होती की, हा प्रश्न विचारण्याचे काम सदस्यदेशांच्या सरकारांवर सोपविलेले असे. आणि लाभाचे श्रेय घेणारी सरकारे अप्रिय निर्णयांचा दोष ब्रुसेल्सवर टाकून मोकळी होत. जनसंमती मिळविण्याची जबाबदारी अशा रीतीने कोणाचीच उरली नाही. ब्रिटनमध्ये याची किंमत पुढे फार मोठी द्यावी लागली.

कॉकफील्ड गेले तरी यादी थांबली नाही. बाजारपेठेचे खाते जर्मनीचे मार्टिन बांगेमान यांच्याकडे आणि कराचे खाते फ्रान्सच्या क्रिस्तियान स्क्रिव्हनेर यांच्याकडे गेले. १९९२ च्या अखेरीस दहापैकी नऊहून अधिक उपाय मंत्रिपरिषदेने संमत केलेले होते. करांबाबत मात्र कॉकफील्ड यांचा आराखडा मान्य झाला नाही. मर्यादांच्या दोन पट्ट्यांऐवजी प्रमाणित दर किमान १५ टक्के असावा एवढेच ठरले, हिशेबगृहाची कल्पना सोडून देण्यात आली आणि ब्रिटनचे शून्य दर सुरक्षित राहिले. व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्या व विवरणपत्रे यांच्यावरून कर वसूल करण्याची व्यवस्था झाली, त्यामुळे सीमेवरील पुराव्याची गरज संपली. शेवटचे कारण काढून टाकले तर नाका जाईल हा त्यांचा मूळ तर्क अशा प्रकारे खरा ठरला, फक्त ते कारण काढण्याची रीत दुसरी निघाली. दरांतील फरकांविषयीचे त्यांचे भाकीतही खोटे ठरले नाही. १९९३ नंतर इंग्लंडमधील हजारो लोक कॅले बंदरात जाऊन स्वस्त बिअर, वाइन व तंबाखू गाड्या भरभरून आणू लागले. नियमानुसार ११० लिटर बिअर आणि ९० लिटर वाइनपर्यंतचा साठा घरगुती वापराचा म्हणून समजला जाई. एवढे मद्य एका घरात कसे खपत असेल, हा प्रश्न सीमाशुल्क अधिकाऱ्यांना वारंवार पडला.

स्वतः कॉकफील्ड यांनी १९९४ साली या कार्यावर एक पुस्तक लिहिले आणि उमरावसभेत व बाहेर आपली भूमिका मांडीत राहिले. ८ जानेवारी २००७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले. त्या वेळी ब्रिटनच्या युरोपातून बाहेर पडण्याची भाषा राजकारणाच्या कडेला बोलली जात होती. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला आणि त्यानंतरच्या चार वर्षांत जो वाद झाला त्यात श्वेतपत्रिकेतील तिन्ही अडथळे एकामागून एक पुन्हा चर्चेस आले. विशेषतः आयर्लंडच्या प्रश्नावर. उत्तर आयर्लंड व आयरिश प्रजासत्ताक यांच्यामध्ये नाका नको, हे सर्वांना मान्य होते. परंतु दोन बाजूंचे कर, शुल्क आणि मालाचे नियम भिन्न असताना नाका कसा टाळावयाचा याला १९८५ साली जे उत्तर होते त्याहून वेगळे उत्तर कोणालाही सापडले नाही. अखेर उत्तर आयर्लंड मालाच्या बाबतीत युरोपीय नियमांखाली राहिले आणि तपासणी आयरिश समुद्राकडे सरकली. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ती सौम्य करण्यात आली.

ब्रिटनचा संक्रमणकाल ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. कलम ८अ मधील तारखेला त्या दिवशी बरोबर अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती. दुसऱ्या दिवसापासून ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यामधील मालासाठी सीमाशुल्क घोषणापत्रे पुन्हा आवश्यक झाली. प्राणिजन्य पदार्थ व वनस्पती यांच्या आयातीवरील आरोग्यप्रमाणपत्रांची व प्रत्यक्ष तपासणीची सक्ती ब्रिटनने अनेकदा पुढे ढकलून अखेर २०२४ साली टप्प्याटप्प्याने सुरू केली. या वाहतुकीचा फार मोठा भाग डोव्हर बंदरातून होतो. मालमोटारीच्या चालकाला तेथे जी कागदपत्रे जवळ बाळगावी लागतात, त्यांतील बऱ्याच रकान्यांचा उगम १९८८ च्या त्या एकेरी दस्तऐवजात आहे.